संत्र्याला हायड्रोजनचं पाणी: कोणी वापरून पाहिलंय काय?

काटोलचा_बागवान

राम राम मंडळी. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या संत्र्याची, तोड चालू आहे, लिहायला फुरसत नाही, पण एक गोष्ट डोक्यातून जाऊन नाही राहिली.

मागच्या आठवड्यात गावात एका विक्रेत्यानं कार्यक्रम ठेवला होता. समाजमंदिरात पडदा लावला, तर्री-पोहे खाऊ घातले आणि एक यंत्र दाखवलं. बोअरचं पाणी इकडून जाते, तिकडून 'हायड्रोजनयुक्त' होऊन निघते. ते ठिबकमधून दिलं तर म्हणे फळगळ कमी, डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) कमी, झाडाला उन्हाचा ताण कमी. आणि तोडलेली फळं त्याच पाण्यात बुडवून काढली तर आठ-पंधरा दिवस जास्त टिकतात. चीन-जपानमध्ये सगळे हेच करतात म्हणाला.

यंत्राच्या किमतीत चांगला चालता जुना ट्रॅक्टर येते. हप्ते पाडून द्यायला तयार आहे. भाऊ म्हणतो घेऊन टाकू, वडील म्हणतात आधी कंपाउंडच्या तारा बदल.

माझी जंबेरी लिंबाच्या खुंटावर कलम केलेली बाग आहे, काळी माती, खाली चुनखडी. पाणी जड. कोणी वापरलंय काय? खरोखर काही आहे की नुसती हवा?

सावजी_रस्सा

नुसती हवाच आहे ना भाऊ, हायड्रोजन म्हणजे दुसरं काय!

शाळेत तर सांगे की पाण्यात दोन भाग हायड्रोजन आधीच असते. मंग आमच्या आजोबानं मोटेनं जे पाणी दिलं ते काय होतं?

रसायनवाली

सावजीभाऊ, विनोद चांगला आहे, पण विक्रेता इथेच बाजी मारतो, म्हणून जरा नीट सांगते. पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन ऑक्सिजनला घट्ट बांधलेला असतो, तो झाडाला मोकळा मिळत नाही. हे लोक बोलतात ते पाण्यात विरघळलेल्या हायड्रोजन वायूबद्दल. ती वेगळी गोष्ट आहे आणि ती खरी आहे.

पण किती विरघळतो? साध्या हवेच्या दाबाला, २५ अंश तापमानाला एका लिटरमध्ये जास्तीत जास्त १.६ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत सगळा मिळून दीड ग्रॅमच्या थोडा वर. एक किलो हायड्रोजन विजेनं पाणी फोडून करायला साधारण ५० ते ५५ युनिट लागतात. त्या हिशेबानं तुमच्या टाकीभर पाण्यातल्या हायड्रोजनला एका युनिटचा दहावा भागसुद्धा वीज लागत नाही. वायू फुकटासारखा आहे, पैसे सगळे डब्याचे.

खरी अडचण पुढची. हा वायू पाण्यात थांबत नाही. सोड्याची बाटली उघडी ठेवल्यावर जे होतं तेच, फक्त फसफस दिसत नाही. उघड्या भांड्यातल्या पाण्यातून तो काही तासांत बराचसा निघून जातो, ढवळलं तर त्याहून लवकर.

रात्रपाळी_शेतकरी

म्हणजे रात्रीच्या लाइनीत टाकी भरून ठेवायची आणि सकाळी सोडायची, हे गेलं कामातून.

रसायनवाली

हो, ते गेलंच. यंत्रातून थेट ठिबकमध्ये सोडलं तरच काही अर्थ.

काटोलचा_बागवान

पण त्यानं आमच्यासमोर मीटर लावून दाखवलं ना. साध्या पाण्यात प्लस दोनशेच्या वर आकडा, यंत्राच्या पाण्यात मायनसमध्ये गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तपासनीस

तो ओआरपी मीटर, पाणी ऑक्सिडीकरणाकडे झुकतं की क्षपणाकडे ते दाखवणारा. पाण्यात थोडासा हायड्रोजन आला तरी काटा मायनसमध्ये जातो, पाण्याचा सामू (पीएच) बदलला तरी हलतो. पाणी कोणत्या दिशेला सरकलं ते त्यावरून कळतं, हायड्रोजन किती आहे ते नाही कळत.

मोजायचं असेल तर मिथिलीन ब्लूचे थेंब मिळतात, प्लॅटिनम घातलेले. ठरावीक पाण्यात एकेक थेंब टाकायचा. हायड्रोजन असेल तोवर निळा रंग उडून जातो. किती थेंबांचा रंग उडाला त्यावरून प्रमाण काढतात. विक्रेत्याला सांगा, यंत्राच्या तोंडाशी नको, ठिबकच्या शेवटच्या नळीच्या शेवटच्या ड्रिपरखाली बाटली लावून थेंब टाकून दाखव. तिथं रंग उडाला तर चहा माझ्याकडून.

आणि दुसरा एक खेळ दाखवला काय? दोन ग्लास, त्यात सळ्या सोडायच्या आणि वीज द्यायची. तुमच्या पाण्याचा तपकिरी गाळ होतो, त्याचं पाणी स्वच्छ राहतं?

काटोलचा_बागवान

दाखवला! बायाबापड्या घाबरून गेल्या, एवढं घाण पाणी आपण पितो म्हणून.

तपासनीस

ती घाण सळईची. लोखंडाची सळई विजेनं झिजते, त्याचा गंज पाण्यात उतरतो. तुमच्या बोअरच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज चांगली वाहते, त्याच्या ग्लासात क्षार काढलेलं पाणी, तिथं वाहतच नाही. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगायचं होतं.

सावजी_रस्सा

मीठ मी घेऊन येतो, तर्रीतही कमी पडलं असंल.

पुस्तकी_किडा

यंत्र विकणाऱ्याला झोडा, पण त्यामागचं संशोधन बाजूला टाकू नका. २००७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांचा नेचर मेडिसिनमध्ये पेपर आला. उंदरांच्या मेंदूला रक्तपुरवठा थांबून होणारी इजा हायड्रोजननं कमी होते, कारण तो सर्वांत घातक ऑक्सिजनकण निवडून निकामी करतो, असं त्यात होतं. तिथून ही लाट सुरू झाली. मग चीनमध्ये, विशेषतः नानजिंग कृषी विद्यापीठात, पिकांवर भरपूर काम झालं. क्षार, दुष्काळ, जड धातू यांच्या ताणाखाली रोपांना हायड्रोजनचं पाणी दिलं तर ती जरा सावरतात, असे निष्कर्ष बरेच आहेत.

साठवणुकीत जास्त बोललं गेलं ते किवी फळावर. २०१४ मध्ये फूड केमिस्ट्रीत पेपर आला: तोडलेली किवी थोडा वेळ हायड्रोजनच्या पाण्यात बुडवली तर पिकणं लांबतं. पुढे पाण्याऐवजी थेट वायूची धुरी देऊन पाहिली, तर फळातला इथिलिन (फळ पिकवणारा वायू) तयार होणंच कमी झालं. फुलदाणीतल्या लिली-गुलाबांवरही असे प्रयोग आहेत.

तेव्हा 'नुसती हवा' हे थोडं घाईचं आहे.

कोटिंगवाला

किडाभाऊ, तुम्हीच उत्तर देऊन टाकलं, फक्त तुमच्या ध्यानात नाही आलं. किवी तोडल्यावर पिकते. आंबा, केळी, पपई, सगळी त्याच जातीची: तोडा, ठेवा, इथिलिन सुटतो, फळ मऊ आणि गोड होतं. इथिलिन दाबला की फळ टिकलं.

संत्रा तोडल्यावर पिकतच नाही. झाडावर जेवढी गोडी आली तेवढीच. त्याच्यात इथिलिन दाबून काय वाचवणार? संत्रा खराब होतो तो तीन कारणांनी: पाणी उडून साल सुरकुतते, देठाकडून सड लागते, आणि जिथं साल दुखावली तिथं हिरवी बुरशी बसते. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल आणि नाजूक, म्हणून सोलायला मजा आणि ट्रकात सजा.

आम्ही फळ धुतो, वाळवतो, मेणाचा पातळ लेप देतो. शीतगृहात सहा-सात अंशावर, दमट हवेत ठेवतो. फार खाली नेलं तर थंडी लागते, सालीवर डाग पडतात. एवढं नीट केलं तर महिना-सव्वा महिना आरामात निघतो. हायड्रोजनची गरज मला तरी कधी भासली नाही.

पुस्तकी_किडा

मान्य, किवीचा निकाल संत्र्याला जसाच्या तसा लावता येत नाही. पण हायड्रोजनचं काम फक्त इथिलिनपुरतं नाही. पेशींच्या आवरणाची झीज आणि सालीतली घट्टपणाची रसायनं यांच्यावरही परिणाम दिसलाय. संत्र्यावर होणारच नाही असं कोणी सिद्ध केलेलं नाही.

कोटिंगवाला

सिद्ध करायचं काम यंत्र विकणाऱ्याचं आहे जी, घेणाऱ्याचं नाही.

द्राक्षवाला_निफाड

मध्येच घुसतो, माफ करा. आमच्या नाशकात 'हायड्रोजन' म्हटलं की छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांवर लावायचं हायड्रोजन सायनामाइड. डोळे एकसारखे फुटतात. ते आणि हे एकच का?

रसायनवाली

अजिबात नाही, आणि ही गल्लत फार महागात पडेल. सायनामाइड विषारी आहे. कातडीतून अंगात जातं, डोळ्यांना इजा करतं, हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. हायड्रोजन वायू विषारी नाही, त्याचा धोका वेगळा आहे. तसंच हायड्रोजन पेरॉक्साइड. ठिबकच्या नळ्यांतलं शेवाळ काढायला वापरतात ते. तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

द्राक्षवाला_निफाड

सायनामाइडबद्दल आणखी एक. ते लावलेल्या दिवशी आणि नंतरही काही दिवस मजुरांनी दारू घेतली तर तोंड लालबुंद, छाती धडधड, उलट्या. दारू उतरवणारं शरीरातलं एन्झाइमच ते बंद पाडतं. आमच्याकडे छाटणीच्या दिवसांत मुकादम हे आधीच बजावतो.

सावजी_रस्सा

मंग हे औषध आमच्या गावात ग्रामपंचायतीनंच फवारलं पाहिजे.

अक्का_रामटेक

सावजी, हसू नको बाबा, लोक जीव गमावतात अशा गोष्टींनी. धान्याच्या कोठीतल्या गोळ्याही तशाच. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतल्या ओलाव्यानं फॉस्फिन वायू सोडते, किडे मरतात आणि माणसंही मरतात. आमच्या भागात धानाच्या कोठीत लोक त्या गोळ्या टाकून शेजारच्या खोलीत झोपतात. तिथं काहीतरी बदल हवा, तर लोक संत्र्याच्या मागं लागलेत. हायड्रोजननं सोंडे मरतात का?

रसायनवाली

अक्का, नाही. आणि कृपा करून कोणी कोठीत हायड्रोजन सोडू नका. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की तो पेटतो, आणि पेटायला लागणारी ठिणगी इतकी बारीक की बटण दाबलं तरी पुरते. दिवसा त्याची ज्योत नीट दिसतसुद्धा नाही.

धान्याला सोपा मार्ग हवाबंद पिशव्यांचा. धान्य चांगलं वाळवून आत भरलं की किडे आणि धान्य मिळून आतला प्राणवायू संपवतात, आणि किडे गुदमरतात. गोळी लागत नाही, वास नाही. मात्र पिशवीला भोक पडलं तर सगळं मुसळ केरात, आणि ओलं धान्य भरलं तर बुरशी.

अक्का_रामटेक

हे बरं सांगितलंस बाई. आमच्याकडे उंदीर पिशवीला ठेवत नाहीत ती गोष्ट निराळी. पत्र्याच्या टाकीत ती पिशवी ठेवून पाहते.

सिलिंडर_भाऊ

हायड्रोजनच्या सुरक्षेचा विषय निघालाच तर. स्फोटक पदार्थ आणि गॅस सिलिंडरांचे परवाने बघणारी देशाची संस्था पेसो, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, सेमिनरी हिल्सवर. सगळ्या देशाचे अर्ज इथं येतात आणि आपल्यालाच माहीत नसते.

यंत्राबद्दल माझा प्रश्न असा, की पाण्यात न विरघळलेला वायू कुठं जातो? पाण्यात बुडबुडे सोडले तर त्यातला बराच वर निघून जातो. हायड्रोजन हवेपेक्षा चौदापट हलका. मोटारघर बंद, छप्पर पत्र्याचं, वर फट नाही, आणि बाजूलाच स्टार्टर ठिणग्या मारत असते. छोट्या यंत्रात एवढा वायू बहुतेक साठणार नाही, पण वरून हवा जायला जागा ठेवाच. आणि विक्रेता लाल सिलिंडर घेऊन आला तर शेतात उतरवूच देऊ नका.

मातीचा_माणूस

इथं सगळे पाण्याच्या मागं लागलेत. हायड्रोजन तुमच्या शेतात आधीपासूनच तयार होते आहे, तेही फुकट. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवरच्या गाठींत जीवाणू हवेतला नत्र बांधतात. नत्राचा एक रेणू बांधताना आठ इलेक्ट्रॉन खर्ची पडतात, त्यातले निदान दोन हायड्रोजन वायू करण्यात जातात. म्हणजे जीवाणूच्या मेहनतीचा कमीत कमी चौथा हिस्सा वायू होऊन सुटतो, प्रत्यक्षात बरेचदा जास्तच. काही जातीचे जीवाणू तो परत पकडून वापरतात, पुष्कळसे सोडून देतात.

आता गंमत पाहा. तो वायू मातीबाहेर फारसा येत नाही. गाठीच्या आजूबाजूच्या दोन-चार सेंटिमीटर मातीतच तो खाऊन टाकणारे जीवाणू वाढतात. कॅनडातल्या संशोधकांनी नुसता हायड्रोजन दिलेली माती घेऊन त्यात पिकं लावली, तर ती साध्या मातीपेक्षा जोमानं वाढली. आपण म्हणतो ना, हरभऱ्याच्या मागं कापूस चांगला येते, ते सगळं नत्रानंच होते असं नाही, त्यात या वायूचाही वाटा असावा असं त्यांचं म्हणणं.

हायड्रोजन खायची मातीची भूक मोठी आहे. हवेत जो थोडासा हायड्रोजन असते त्यातलाही बहुतेक मातीच ओढून घेते. तेव्हा ड्रिपरमधून टपकलेला हायड्रोजन मुळापर्यंत किती पोचेल? मातीतले जीवाणू आधी ताव मारतील. त्यांना फायदा होईल आणि फिरून झाडाला होईल, असंही होऊ शकते. पण त्यासाठी ट्रॅक्टरएवढं यंत्र कायले? दोन ओळींच्या मधात बरबटी, मूग लावा.

रात्रपाळी_शेतकरी

बागेत आंतरपीक? बहाराच्या आधी ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं असते, त्यात मधलं पीक पाणी मागते. आमच्याकडं ज्यांनी मोठ्या बागेत मधात पिकं घेतली त्यांची मुळं वखरानं तुटली आणि डिंक्या लागला. लहान झाडांत ठीक आहे, फळावर आलेल्या बागेत नाही.

मातीचा_माणूस

वखर फिरवा कोण म्हणते? पावसाळ्यात हिरवळीसाठी पेरायचं, फुलावर आलं की कापून तिथंच आच्छादन. ताणाच्या वेळी ते नसतेच. आंबियाचा ताण डिसेंबर-जानेवारीत, बरबटी ऑगस्टमध्येच आडवी होते.

रात्रपाळी_शेतकरी

मृग बहारवाल्याचं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुलोरा घेणाऱ्याचं काय?

मातीचा_माणूस

त्यानं नका पेरू. प्रत्येकाची बाग वेगळी.

नवा_प्रयोगी

इथला सूर फार नकारात्मक वाटला. मी एका उत्पादक गटात आहे, आम्ही भाजीपाल्याच्या रोपवाटिकेत हायड्रोजनचं पाणी वापरतो. रोपं तजेलदार दिसतात. आणि ठिबक बंद नळी आहे, दाबाखाली आहे. दाबाखाली वायू जास्त विरघळून राहतो, हे रसायनवालींनी सांगितलंच नाही. शिवाय आता नॅनोबबलची यंत्रं आहेत, त्यातले बुडबुडे इतके सूक्ष्म की वर येतच नाहीत.

रसायनवाली

दाबाचा मुद्दा बरोबर आहे, बंद नळीत वायू चांगला राहतो, शेवटी ड्रिपरला बाहेर पडताना दाब सुटतो तिथं निसटतो. नॅनोबबल जास्त वेळ टिकतात हेही खरं, चीनमध्ये भाताच्या शेतातही त्यांचे प्रयोग झालेत. रोपवाटिकेत तुम्हाला फरक दिसत असेल तर मी खोटं म्हणणार नाही. पण शेजारच्या वाफ्यांना साधं पाणी दिलंत का? तेच बी, तीच माती, तेवढंच पाणी?

नवा_प्रयोगी

सगळ्यांनाच देतो. एक वाफा कशाला मागे ठेवायचा?

तपासनीस

तोच वाफा तर सगळं सांगणार होता.

पान_बघणारा

मी बागांची पानं बघून पोट भरतो म्हणून हा एक मुद्दा, जो अजून कोणी काढला नाही. काटोलभाऊ, तुमची माती चुनखडीची आणि पाणी जड. हे यंत्र नुसता हायड्रोजन करते की पाणी अल्कलीही करते? बाजारातल्या पुष्कळ यंत्रांत विजेच्या ऋण पट्टीकडचं पाणी सामू नऊच्या वर नेऊन देतात आणि तेच 'ऊर्जायुक्त' म्हणून विकतात. चुनखडीच्या जमिनीत आधीच लोह आणि जस्त झाडाला मिळत नाही, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. अशा बागेत तुम्ही अल्कली पाणी ओतलं तर दुखण्याला खतपाणीच. आम्ही ठिबकमधून ॲसिड सोडून सामू खाली आणतो आणि हा माणूस वर नेणार.

जड पाण्यानं दुसरं होते ते यंत्राचंच. ऋण पट्टीवर चुन्याचा थर बसते, जशी गिझरच्या कॉइलवर बसते. दर काही दिवसांनी ॲसिडनं धुवा, नाहीतर यंत्र बंद. हे हप्त्यात धरलंय काय विचारा.

काटोलचा_बागवान

सामू साडेनऊ म्हणाला होता. आणि ते त्यानं चांगलं म्हणूनच सांगितलं.

पान_बघणारा

मंग माझं उत्तर झालं. ठिबकमध्ये नको.

कळमना_अडत

मी दुसऱ्या बाजूनं बोलतो, नागपूरच्या कळमना मंडीतून. काटोलभाऊ, बाग स्वतः तोडून आणता की व्यापाऱ्याला उक्ती देता?

काटोलचा_बागवान

अर्धी उक्ती दिली. अर्धी स्वतः तोडून कळमन्यात आणतो.

कळमना_अडत

मंग पाहा. उक्ती दिलेल्या बागेतलं फळ पंधरा दिवस जास्त टिकलं तरी नफा व्यापाऱ्याचा. त्यानं झाडावर भाव ठरवून पैसे दिले, पुढं फळ दिल्लीला जावो की सडो. आणि तुम्ही स्वतः आणता ते त्याच दिवशी विकते. टिकाऊपणाचे पैसे ज्याच्या हातात फळ थांबते त्याला मिळतात, आणि तुमच्या हातात ते थांबतच नाही. तुमचा भाव ठरते आकार आणि रंगावर. चुरी (बारीक फळ) निघाली तर हायड्रोजन काय, गंगाजलात बुडवून आणा.

बांगलादेशानं आयातशुल्क वाढवत नेल्यापासून मोठ्या मालाचाही उठाव कमी झाला, तो वेगळा रडा.

आणि मंडीत आलेल्या ढिगातला सडका माल मी रोज पाहतो. दहातले निम्मे ओढून तोडलेले असतात. देठाजवळची साल निघून येते, तिथून सड सुरू. मजूर वरून ओढतो कारण ओढायला एक क्षण लागतो, कात्रीला दोन. मग ट्रकात मोकळं भरून तणस घालतात, खालच्या थराचा रस निघतो. हे सगळं झाल्यावर कोणत्या पाण्यात बुडवणार?

कोटिंगवाला

अडतभाऊंना शंभर टक्के. आणि ओलं फळ क्रेटमध्ये भरू नका. बुडवल्यावर वाळवायची सोय नसेल तर बुडवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. यंत्रवाला वाळवायचा पंखा देतो काय?

रसायनवाली

बुडवण्यावरून एक सुचलं, आणि यात मला खरा धोका दिसतो. बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतो. दोन्ही बाजूंचं पाणी वेगळं न ठेवणारं यंत्र असेल तर धन पट्टीवर थोडा क्लोरीन तयार होतो आणि त्याच पाण्यात मिसळतो. पॅकहाउसमध्ये फळं क्लोरीनच्या पाण्यानं धुतातच, बुरशीचे कण मरतात. म्हणजे यंत्राच्या पाण्यातून काढलेला संत्रा खरंच जास्त टिकला, तरी श्रेय हायड्रोजनचं की क्लोरीनचं? क्लोरीनचं असेल तर तेच काम ब्लीचिंगवाल्या बादलीत होतं.

काटोलचा_बागवान

भाऊ सगळं वाचून राहिला आहे बाजूला बसून. तो म्हणतो, एवढं सगळं खरं असंल तरी घरी करून पाहू, यंत्र आठ दिवस चाचणीला देतो म्हणाला आहे. तर असं ठरवतो: एकाच झाडांची, एकाच दिवशी तोडलेली फळं. काही क्रेट यंत्राच्या पाण्यात बुडवून, काही तसेच. मग पाहू.

तपासनीस

तसेच नको. दुसरे क्रेट साध्या बोअरच्या पाण्यात तेवढाच वेळ बुडवा, तिसरे न बुडवता ठेवा, चौथे ब्लीचिंगच्या पाण्यात. नाहीतर बुडवण्याचा आणि हायड्रोजनचा परिणाम कसा वेगळा करणार? वाळवणं चौघांचं सारखं. कोणता क्रेट कोणता हे झाकणाखाली लिहा, आणि सड मोजायला वडिलांना बसवा, त्यांना यंत्र नकोच आहे आणि भावाला हवंच आहे. त्यांनी आकडा लिहीपर्यंत झाकण उघडायचं नाही.

रात्रपाळी_शेतकरी

क्रेट सावलीत ठेवा म्हणावं, आणि जमलं तर विटांचा शीतकक्ष बांधा. दुहेरी भिंत, मधात वाळू, वरून गोणपाटाचं झाकण, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेली जुनी गोष्ट आहे, विजेशिवाय चालते. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी की बाहेर चाळीसवर असताना आत दहा-पंधरा अंश कमी मिळते. मृगाच्या फळाला तर फार कामाचं. आता थंडीत फरक कमी दिसेल, पण ओलावा राहते, साल सुरकुतत नाही.

पुस्तकी_किडा

आणि नागपुरात अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत एकदा जाऊन विचारा. माती-पानाची तपासणी तिथं होते, काढणीनंतरचं कामही आहे. फुकटचा सल्ला घरापासून तासाभरावर असताना पडद्यावरच्या फोटोंवर का जायचं?

काटोलचा_बागवान

ठिबकचा विषय बंद. पानभाऊ आणि रसायनताईंचं पटलं. क्रेटची चाचणी तपासनीसभाऊंनी सांगितली तशीच करतो, वडील राजी आहेत मोजायला, लगेच वही काढली त्यांनी.

अडतभाऊ, कात्रीचं मात्र लागलं मनाला. उद्याच्या तोडीला दोन तरी मजुरांच्या हातात देऊन पाहतो. कोणती घ्यायची?

कळमना_अडत

संत्रा-मोसंबीची वेगळी येते, आखूड पात्याची. कॉटन मार्केट भागात विचारा. टोक गोल पाहून घ्या. टोकदार असली तर देठ कापताना शेजारच्या फळाला भोक पडते आणि मजूर म्हणतो आधीच होतं. देठ एका झटक्यात फळाला लागून कापा, काडी लांब राहिली की क्रेटमध्ये दुसऱ्याची साल फाडते.

आणि मजुरी नगावर नका देऊ त्या दिवशी, रोजानं द्या. नगावर दिली की कात्री खिशात आणि हात झाडावर.